धवळा तुटू नये

देवकीची एस.टी. किन्हवलीजवळ पंक्चर झाली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. शहापूरहून सकाळीच निघालेली पोर मुरबाडच्या स्टँडवर उतरली तेव्हा चाचणीची वेळ टळत आली होती. मग काय, ओढणी कमरेला गुंडाळली, चपला हातात घेतल्या आणि भरबाजारातून पळत सुटली. कॉलेजच्या हॉलच्या दारात पोचली, तर तिचंच नाव पुकारलं जात होतं.

ही गोष्ट २००१ सालची. विद्यापीठाच्या वृंदगान पथकासाठी त्या वर्षी शहापूर-मुरबाडकडच्या कॉलेजांतून मुलं निवडायची होती. त्यासाठी मुंबईहून चित्रे मॅडम आल्या होत्या. मॅडमना कुणाचं गाणंबिणं ऐकायचं नव्हतं. "फक्त सा लावा," त्या प्रत्येकाला सांगत, "आणि माझा हात खाली येईपर्यंत सोडू नका."

देवकीनं सा लावला. तिचा आवाज मुळातच जाड, भरदार. पोरी तिला त्यावरून चिडवायच्या. पण धापा टाकत आलेल्या छातीत दम उरणार किती? मॅडमचे डोळे मिटलेले, हात वरच. देवकीच्या कानात घूं व्हायला लागलं. आता तुटणार... गेलं सगळं, असं तिला वाटलं, आणि नेमक्या त्याच क्षणी मागच्या रांगेतून कुणीतरी तोच सा अलगद उचलला. देवकीनं श्वास ओढला, सूर पुन्हा धरला. तो मागचा आवाज आला तसा गुपचूप निघून गेला.

मॅडमनी हात खाली केला. "मध्ये कोण होतं?"

हॉलमधल्या माना मागे वळल्या. मग एक उंच, काटकुळा मुलगा पुढे आला. कान लालबुंद झालेले. "मी... हरेश. वैशाखऱ्याचा. चुकून लागला, मॅडम."

"चुकून कुणी इतका सुरात लावत नाही." मॅडमनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "सांधा ऐकू आला नाही मला. बसा दोघंही तिकडे."

बाहेर पायरीवर बसून चपला घालताना देवकी त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "तुमाला कुणी सांगितलं व्हतं मधी पडायला?"

"पडलो नसतो तर तुमी पडला असता. मग तुमाला पाणी मारण्यात माझा टाइम गेला असता."

"आवाज केवढा बारीक तुमचा... मला वाटलं, मागं कोण पोरगी हाय."

"आन् मला वाटलं, मॅडमसमोर कोण बाप्या उभा हाय. पंजाबी ड्रेस घालून."

देवकीला राग यायला हवा होता. आलं हसू.

दर रविवारी सराव सुरू झाला. कापणीच्या भलरीच्या चालीवर मॅडमनी एक गाणं बांधलं होतं. सगळे अर्धवर्तुळात उभे राहत, एका बाजूला मुली, दुसऱ्या बाजूला मुलगे. मधे, जिथे दोन्ही बाजू जुळत, तिथे मॅडमनी देवकी आणि हरेशला उभं केलं; तिचा जाड आवाज आणि त्याचा बारीक तिथे येऊन मिळत होते. गाण्याची शेवटची ओळ भलती लांब होती. ती कुठेही तुटता कामा नये. "श्वास चोरायचा," मॅडम सांगायच्या. "शेजाऱ्यानं घेतला की तुम्ही घ्यायचा नाही. तो परत आला की मग तुम्ही जायचं. ऐकणाऱ्याला कळता कामा नये."

बाकीची मुलं गोंधळली, देवकी मात्र गालात हसली. हे तिला दुधाबरोबर मिळालं होतं. तिची आई जनाबाई डोळखांबच्या पलीकडच्या गावची धवळारीण. लग्नघरात हळद लावताना धवळा म्हणायचा मान तिचा. भटजी येवो न येवो, जनाबाईच्या धवळ्याशिवाय हळद चढत नाही, असं बायका म्हणत. दोघीजणींनी मिळून धवळा म्हणायचा, एक थांबली की दुसरीनं ओढायचा. हळद पुरी होईपर्यंत आवाज तुटू द्यायचा नाही. तुटला तर त्या जोडप्याच्या संसाराला ते बरं नसतं, अशी त्या मुलुखाची समजूत.

"मग आपली खूण ठरवू," हरेश म्हणाला. "मी करंगळी उचलली की तू श्वास घ्यायचा. तवर मी धरतो."

"आन् तुला लागला तर?"

"तुझी करंगळी मोडलीय काय?"

'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते दोघांपैकी कुणालाच कळलं नाही. करंगळ्यांचं सांगावं, तर दिवाळीपर्यंत त्यांची गरजच उरली नव्हती. त्याचा खांदा किंचित खाली आला की देवकीला कळायचं, आता हा जाणार. तरीपण दोघंही करंगळी उचलत राहिले. उचलताना ती शेजारच्या हाताला लागायची ना...

सराव संपला की दोघं मुरबाडच्या स्टँडवर बसत. तिची गाडी शहापूरकडे, त्याची माळशेजच्या रस्त्याला. आपली गाडी आली की दोघांनाही वाईट वाटायचं, आणि गाडी लेट असली की कंट्रोलरवर जीव ओवाळून टाकावासा वाटायचा. हरेशची धाकटी बहीण रेश्मा त्याच्याबरोबर रुमालात बांधून बोरं पाठवायची, देवकीसाठी. "तिला तुझा आवाज ऐकायचाय," तो सांगायचा. "मी घरी नुसतं तुझंच सांगतो, ती कंटाळली."

एकदा त्यानं हट्टच धरला, धवळा म्हणून दाखव म्हणून.

"बाप्यांनी धवळा नाय म्हणायचा. शिकायचापण नाय."

"माझा आवाज कुठं बाप्याचा हाय? तूच तर म्हणालीस."

मग तिनं हळू आवाजात म्हटला. *हळदीच्या बोटानं उजेड लाविला गो, सोन्याच्या पाटाला...* त्यानं ऐकता ऐकता तो उचलला, आणि पुढच्या रविवारी पाठ करून आला.

"एक सांग," तो म्हणाला, "धवळारणीचंच लग्न असलं तर धवळा कोण म्हणतं?"

"दुसरी कोण म्हणते. नवरीला नाय म्हणता येत."

"आन् दुसरी नाय भेटली?"

"मग काय... तसंच."

"तसंच कसं? आपल्या हळदीला मी म्हणीन. पाटावर बसून. कुणाला कळतंय?"

देवकीनं मान खाली घातली आणि ओढणीच्या टोकाला गाठी मारत बसली. एवढंच म्हणाली, "गाडी आली तुझी." गाडी आली नव्हती. हरेश हसला.

डिसेंबरात विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात गाणं झालं. शेवटची लांब ओळ सुरू झाली, करंगळ्या उचलल्या गेल्या, ओळ कुठे म्हणता कुठे तुटली नाही. टाळ्यांच्या कल्लोळात तो तिच्या कानाशी म्हणाला, "आता घरी सांगतो." देवकीला त्या क्षणी वाटलं, आपल्याइतकं सुखी या जगात कुणी नसेल. आणि खरंच, त्या क्षणी कुणी नव्हतं.

सराव संपले. महिना गेला, दोन गेले. आंब्यांना मोहोर आला. हरेशचा निरोप नाही की पत्ता नाही. मग एका दुपारी तो शहापूरच्या स्टँडवर उभा दिसला, तिच्या कॉलेजच्या वाटेवर. दाढी वाढलेली. त्याच्या तोंडाकडे बघताच देवकीला कळलं.

"रेश्माचं जमलं," तो म्हणाला.

"चांगलं झालं की. मागं एकदा मोडलं व्हतं ना?"

"हं. तवापासून ती आरशात बघत नव्हती गो. आता घर भेटलंय, पोरगापण चांगला हाय." तो थांबला. "पन त्यांना साटंलोटं पायजे. त्यांचा पोरगा रेश्माला, आन् त्यांची पोरगी... मला."

एक गाडी लागली, माणसं चढली, गाडी सुटली. देवकी तिच्या धुळीकडे बघत राहिली.

"मी घरी सांगितलं तुझं," तो म्हणाला. "आये रडली, बाबा उठून शेतावर गेले. रेश्माच तेवढी म्हणाली, दादा, माझं ऱ्हाऊ दे. म्हणाली आन् चुलीपुढं जाऊन बसली. देवकी, तू सांग. तू म्हणशील तर आज जाऊन नाय म्हणतो. तुझी शपथ."

तो खरं बोलत होता. देवकीनं नुसतं तोंड उघडलं असतं, तर तो तिचा झाला असता. तिला ते हवं होतं, जिवाच्या आकांतानं हवं होतं. पण रुमालात बोरं बांधणारे ते न पाहिलेले हात तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. एकदा मोडलेलं पुन्हा मोडलं, तर त्या पोरीच्या वाटेला कोण जाणार होतं?

"हो म्हण," ती म्हणाली.

"देवकी..."

"हो म्हण, सांगितलं ना. आन् आता जा. माझा तास हाय." तास नव्हता. कॉलेजच्या मागच्या दगडी गडग्याशी बसून ती दिवस कलेपर्यंत रडली.

दुःखाला माणूस सरावतं म्हणतात. देवकी सरावायला लागली होती, तोच चैत्रात आईचा सांगावा आला: सुट्टी लागली की ये, लग्नाची सुपारी घेतलीय. जनाबाईला हल्ली दम लागायचा, जोडीची म्हातारी गेल्या पावसाळ्यात वारली होती. लेकीशिवाय धवळा पुरा होत नव्हता. धवळा म्हणणाऱ्या उरल्याच होत्या किती? म्हणूनच तर लांबून लांबून बोलावणी यायची.

"कुठं जायचंय, आये?"

"लांब हाय. मुरबाडच्या पुढं, वैशाखऱ्याला. भाऊ-बहीण एकाच मांडवात, साटंलोटं हाय."

देवकीच्या हातातला तांब्या तिथंच राहिला. सांगावं का आईला? सांगितलं असतं तर जनाबाईनं सुपारी परत केली असती आणि जन्मभर त्याची रुखरुख लावून घेतली असती. घेतलेली सुपारी तिनं कधी फिरवली नव्हती. आणि आई एकटीच गेली, तर मधेच दम लागून धवळा तुटणार. रेश्माच्या हळदीचा धवळा. देवकीनं तांब्या भरला आणि म्हणाली, "कवा निघायचं?"

मांडव आंब्याच्या डहाळ्यांनी भरला होता. दोन पाट शेजारी शेजारी मांडलेले. एकावर रेश्मा, दुसऱ्यावर हरेश, डोक्यावरून पंचा ओढलेला, मान खाली. देवकी आईला हाताला धरून आली. जनाबाईनं दोघांच्या पुढ्यात बैठक मारली, देवकी तिच्याजवळ टेकली. हरेशनं वर पाहिलं. त्यानं पंचा आणखी पुढे ओढला. देवकीनं नजर पाटाच्या रांगोळीवर नेली ती तिथंच ठेवली.

बायकांनी हळद उचलली. जनाबाईनं धवळा लावला, देवकीनं ओढला. आई थांबली की लेक, लेक थांबली की आई. तिनं स्वतःला बजावलं होतं, शब्द म्हणायचे, अर्थाकडे बघायचं नाही. बऱ्यापैकी निभत होतं. मग ती ओळ आली, *हळदीच्या बोटानं उजेड लाविला गो...* जनाबाईला खोकल्याची उबळ आली, तिनं पदर तोंडाशी धरला आणि ओळ एकट्या देवकीवर पडली. देवकीनं ती धरली. तेवढ्यात कुणा काकीनं हरेशच्या गालाला हळद लावली, आणि देवकीनं नको तेव्हा वर पाहिलं.

स्टँडवरचा बाक आठवला, ओढणीच्या गाठी आठवल्या. आई अजून खोकत होती. सूर लटपटला... आता तुटणार, हे तिला कळलं. आणि तिला दिसलं, पंच्याबाहेर मांडीवर ठेवलेल्या हळदीनं माखलेल्या हाताची करंगळी हळूच उचलली गेली होती.

देवकीनं श्वास घेतला.

*सोन्याच्या पाटाला...* एक बारीक, स्वच्छ आवाज मांडवात पुढे चालला. बायका आपल्या हळद लावत राहिल्या. त्यांना वाटलं, जनाबाईचीच पोर. पंच्याखालचे ओठ कुणाला दिसले नाहीत. आपल्या हळदीला मी म्हणीन, असं तो म्हणाला होता. दिलेला शब्द त्यानं पाळला, पण हळद तेवढी आपली नव्हती.

देवकीनं सूर परत धरला. तो निघून गेला. सांधा कुणाला ऐकू आला नाही.

फक्त एकीला सोडून. रेश्मा त्याच्या अगदी शेजारी बसली होती. तिनं भावाकडे पाहिलं, मग समोरच्या जाड आवाजाच्या मुलीकडे, आणि मग तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले. "माहेर सुटतंय बिचारीचं," बायका एकमेकींना म्हणाल्या. रेश्मानं पाटावरून हात लांब केला आणि हळदीच्या बोटांनी देवकीचा हात मनगटाशी घट्ट धरला. धवळा पुरा होईपर्यंत तिनं तो सोडला नाही.

निरोपाला घरच्या बायकांनी जनाबाईची ओटी भरली. "धवळा कसा अखंड झाला बाय. दोघांचे संसार सुखाचे व्हतील," असं म्हणून देवकीच्या गालावरून हात फिरवला. देवकी वाकून सगळ्यांच्या पाया पडली. हरेश मांडवाच्या मेढीला टेकून उभा होता. ती त्याच्याकडे बघून एकदाच हसली, आणि रस्त्याला लागली.

मुरबाडकडे जाणाऱ्या एस.टी.त मायलेकी खिडकीशी बसल्या. सरळगाव मागे पडल्यावर जनाबाईनं विचारलं, "मधी कोण व्हतं गो?"

देवकीनं मनगटाकडे पाहिलं. रेश्माची बोटं तिथं पिवळी उमटलेली होती.

"व्हतं एक, आये... चुकून."

जनाबाईनं कमरेला खोचलेला पदर सोडला, लेकीचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "आता तू रड. मी हाय."