सदतीस अंश

थंडीत बॅटरी मंदावते. तिला गरम ठेवण्यातच बराच चार्ज जातो आणि गाडी कमी पळते. निफाडच्या थंडीत आमची विजेवरची मिनीबस नेमकी किती कमी पळते, हे मोजायला कंपनीने मला पाठवलं होतं. ओझरजवळच्या पालांवर उतरलेल्या सुरगाण्याच्या बाया या बसने रोज सकाळी द्राक्षबागांत विरळणीला जायच्या. चाचणी फसली तर ठेकेदार त्यांना पुन्हा उघड्या पिकअपमधून नेणार होता.

चार्ज वाचावा म्हणून मी आतला हीटर बंद ठेवला. पहिल्या दिवशी बाया सीटवर कुडकुडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाली गोधड्या अंथरल्या आणि एकमेकींना चिकटून जमिनीवरच बसल्या. बॅटरी बसच्या तळाच्या पत्र्याखालीच होती.

“लय ऊब हाय ताई,” चांगुणा म्हणाली. “नवऱ्यापेक्षा बरी. घोरत बी नाय!”

सगळ्या हसल्या. बाग येईपर्यंत सगळ्या झोपल्या होत्या.

त्या दिवसापासून गाडी उन्हाळ्यापेक्षाही जास्त पळू लागली. बाहेर सहा अंश, बॅटरी सदतीस. बॅटरीचा हीटर सुरूच होत नव्हता. मी सेन्सर बदलला. सदतीस. शेडमध्ये गाडी एकटी उभी असली की बॅटरी गार पडायची. बाया बसल्या की पुन्हा सदतीस.

साहेबांना फोन केला.

“रेंज वाढलीय ना? मग रडतेस कशाला?”

इकडे बागेत काम मागे पडू लागलं. बाया शेकोटीपाशी बसायच्या, त्या उठायच्याच नाहीत. मुकादम शिव्या घालायचा.

“अंगच उचलत नाय,” त्यांच्यातली म्हातारी बयाबाई म्हणायची.

अंग माझंही उचलत नव्हतं. जागरणं, आकडेमोड, थंडी. कारण शोधायचीही गरज वाटली नाही. येता-जाता मीही त्यांच्यातच गोधडीवर बसून डुलक्या काढत होते.

आज वाटेत जाग आली, तेव्हा बयाबाईचा हात माझ्या हातावर पडला होता. लोखंडासारखा गार. बॅटरी तपासायचा इन्फ्रारेड थर्मामीटर मी तिच्या कपाळावर रोखला.

अकरा.

चांगुणा, दहा.

“हिरामणभाऊ, गाडी थांबवा.”

“मॅडम, आधीच उशीर झालाय,” ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला. “मुकादम माझा जीव खाईल.”

“थांबवा!”

गाडी थांबताच मी बॅटरीचा मेन स्विच काढला. स्क्रीन विझला. थर्मामीटर पत्र्यावर रोखला.

सदतीस.

एकेकीला हलवून उठवलं, खाली उतरवलं. हिरामण पिकअपसाठी ठेकेदाराला फोन करू लागला. बोलताना त्याच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती.

“आता परत त्या पिकअपात कोंबणार का आमाला?” चांगुणा भडकली. “ही चांगली गाडी तुमच्या डोळ्यात खुपली व्हय?”

मग सगळ्याच बोलू लागल्या. एकदम, तावातावाने, हात हलवत.

एकीच्याही तोंडातून वाफ येत नव्हती.

“भाऊ, दवाखान्यात फोन करा,” मी म्हणाले. “आधी यांना न्यायला हवं.”

हिरामण माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग फोन कानाला तसाच धरून तो एक पाऊल मागे सरला.