शववाहिकेचा एसी

नातवंडांनो, ह्या गोष्टीवर कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर माझं सांगताना काहीतरी चुकलं असं समजा. तुमची आजी मला एका शववाहिकेच्या बॉनेटखाली भेटली.

तेव्हा मी शववाहिका चालवायचो. भर उन्हाळ्यात एसी गेला आणि एकही गॅरेजवाला गाडीला हात लावेना. पोरींचंही तेच… माझं काम कळलं की बोलणं बंद. आपण एकटेच राहणार, अशी मी मनाची समजूत घातली होती.

शेवटच्या गॅरेजात ही होती. ग्रीसनं माखलेलं बोट तिनं मागच्या दाराकडे केलं.

"आत कुणी आहे?"

"आत्ता नाही."

"मग बॉनेट उघडा."

तिनं एसीच्या पाइपाला गॅस ओळखायचं यंत्र लावलं आणि तिचा चेहराच उतरला. "हा कुणी भरला? स्वयंपाकाचा गॅस आहे हा! गळला आणि ठिणगी पडली तर—"

"गाडीच्या मालकांनी. स्वस्त पडतो म्हणाले. तसंही आतल्यांना काय…"

"आतले तक्रार करत नाहीत, म्हणून काहीही भरायचं?" ती हळूच म्हणाली. "शेवटचा प्रवास असतो हो त्यांचा."

माझ्या प्रवाशांची बाजू आजवर कुणी घेतलीच नव्हती.

तिनं तो गॅस वेगळ्या टाकीत काढला, गळकी रबरी रिंग बदलली, पंपानं पाइपातली हवा आणि ओल ओढून घेतली. मग पंप बंद करून आम्ही मीटरपुढे उभे राहिलो. काटा हलला, तर गळती अजून आहे. काटा काही हलेना… माझी नजर मात्र हलली, तिच्या कपाळावरच्या घामावर जाऊन थांबली.

"काटा इकडे आहे," ती म्हणाली.

मग तिनं बॉनेटवरच्या स्टिकरवर लिहिलेला गॅस, लिहिला होता तेवढाच, तोलून भरला. असा गारवा सुटला म्हणून सांगू, समोरच्या दुकानातला न्हावी मफलर गुंडाळून आला! मी छाती पुढे काढली आणि एका दमात विचारलं, "जन्मभर ह्या गाडीत बसाल?" ती लाजली, पदराशी चाळा करत—

"खोटं!" पेपराआडून तुमच्या आजीचा आवाज आला. "पदर कसला? डांगरी होती अंगात. आणि विचारलं मी! हे स्टिअरिंग धरून बसले होते, तोंडातून शब्द फुटेना. शेवटी मीच म्हटलं, पुढच्या सीटवर जागा आहे का? मागं झोपायची मला घाई नाही."