मिरीला वगळू नका

टॉर्चवर बोट दाबून धरलं, तर बोट लालच का दिसतं? टॉर्चचा प्रकाश तर पांढरा असतो!

"पांढऱ्यात सगळे रंग असतात, मृण्मयी," आत्या म्हणाली. "बाकीचे रंग तुझं बोट वाटेतच गिळतं. लाल चिवट आहे. तो आरपार जातो."

त्या चिवट लालवरच माझी सगळी आशा होती. दोन वर्षांपूर्वी हवाई रिक्षा उतरताना तिची कड माझ्या पोटरीला लागली. जखम भरली, पण आतला चेतातंतू (मेंदूकडे निरोप नेणारा धागा) बिघडला. आता नुसता मोजा चढवला तरी तो 'आग, आग' म्हणून बोंब मारतो. लोक म्हणतात, "जखम तर दिसत नाही, नाटकं करते." अशांना माझा पाय एक दिवस उसना द्यावासा वाटतो.

माझी आत्या, डॉक्टर वसुधा, उंदरांच्या दुखऱ्या नसांवर लाल प्रकाश टाकून पाहत होती. प्रकाशामुळे पेशींमधली ऊर्जाघरं (पेशीला शक्ती पुरवणारे भाग) नेटानं काम करतात आणि तंतू शांत होतो, असा तिचा अंदाज होता. उंदराच्या पायाला बारीक तार टेकवायची. दुखत असेल तर तो पाय झटकन उचलतो. पंधरा दिवसांत अकरा उंदरांनी पाय उचलणं सोडलं. बारावी मिरी मात्र उचलतच होती.

"मिरीला वगळावे," 'नेमका' नावाचा आमचा यंत्रमानव म्हणाला. "ती अपवाद आहे. उद्या समितीची मंजुरी मिळेल. पुढच्या महिन्यात माणसांवर चाचणी. यादीत पहिलं नाव मृण्मयीचं."

मी नाचायला हवं होतं. पण मी मिरीकडेच बघत बसले. अकरा उंदीर पांढरेशुभ्र, ती एकटी काळी, पुरवठादाराच्या चुकीनं आलेली. केस भादरल्यावर खालची कातडीही काळीच निघाली होती. मग मी लाल दिव्याच्या यंत्रावरची पट्टी वाचली. 'त्वचा : नेहमीची.'

"नेहमीची म्हणजे कुणाची रे?"

"पांढऱ्या उंदरांची," नेमका म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. आत्या गोरीपान आणि मी काळी कुळकुळीत. लग्नाकार्यात बायका "आत्यावर नाही गं गेली" म्हणून चुकचुकतात. आता यंत्रंही चुकचुकणार?

मी सामानाच्या अंधाऱ्या खोलीत शिरले. लाल दिव्यावर पातळ पांढरा रुमाल धरला, तर भिंत उजळली. तितकाच पातळ काळा रुमाल धरला, तर जेमतेम डाग पडला.

"आत्या! मिरीच्या नसेपर्यंत प्रकाश पोचलाच नाही!"

आत्यानं कपाळावर हात मारला. "मेलॅनिन (कातडीला रंग देणारं द्रव्य)! ते प्रकाश वरच्या वरच गिळतं. बोटांची पेरं सगळ्यांचीच फिकट, म्हणून टॉर्चनं आपल्याला फसवलं. आता अवरक्त प्रकाश (तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) वापरायला हवा. मेलॅनिन तो कमी गिळतं. पण मग सगळं पहिल्यापासून. सहा महिने."

दुसऱ्या दिवशी आत्यानं हे सांगताच समितीचे अध्यक्ष सरपोतदार वैतागले. "एका उंदरासाठी सहा महिने? वगळा आणि पुढे चला."

मी पुढे गेले, पोटरी उघडी केली आणि पाय टेबलावर ठेवला. जळजळीनं डोळ्यांत पाणी आलं. येऊ दे!

"मिरीची नस प्रयोगासाठी आपणच दुखावली ना? मग तिचं उत्तर आवडलं नाही म्हणून खोडायचं? तिला वगळणार असाल तर मलाही वगळा. माझी कातडी तिच्यासारखीच आहे."

"बाळ, सहा महिने तुलाच दुखेल," ते हळू आवाजात म्हणाले.

"दुखेल. मी रडेन, चिडेन, नेमक्याचं डोकं खाईन. पण नेहमीचं कोण, हे तुम्ही ठरवायचं नाही."

सरपोतदारांनी मंजुरीचा कागद बाजूला सारला.

सोमवारी काळे, तपकिरी, ठिपक्यांचे चोवीस उंदीर आले. आत्यानं मिरीच्या मांडीवर अवरक्त दिवा धरला आणि पलीकडच्या बाजूला मोजणीयंत्र. काटा हलला. मिरी बरी होईल का, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. पण प्रकाश आत पोचतोय.

माझ्याही नसेपर्यंत पोचेल. पोचेपर्यंत मी कुणाला सोडणार नाही.