बारा नंबरची बेल

हे खरं घडलंय. ज्यांना थापा वाटतील त्यांनी खुशाल हसावं. आमच्या ऑफिसातले विद्वानही हसलेच होते.

मागचा मंगळवार. दुपारचे सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन. हॉस्पिटलचा तिसरा मजला.

तिथल्या बेलचं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं. पेशंटनं बटण दाबलं की नर्ससमोरच्या बोर्डावर त्याचा नंबर आणि खोली उजळते. सी भाषेतला जुनापुराणा कोड. पेशंटचा नंबर सगळीकडे बत्तीस बिटांत ठेवलेला, फक्त बेलच्या फाईलमध्ये सोळा बिटांत, म्हणजे निम्म्या जागेत. तिथे ६५,५३५ च्या पुढे आकडा मावतच नाही, पुन्हा शून्यापासून सुरू. ही करामत आमच्या साहेबांची, म्हणजे महागुरूंची. वीस वर्षांचा अनुभव म्हणे!

"एवढे पेशंट यायला काय अख्खं गाव आजारी पडणार आहे?" असं म्हणाले होते.

मीही ते पाहिलं होतं. गप्प बसलो. कोण त्यांच्या तोंडी लागणार?

त्या दिवशी सहा नंबरच्या खोलीत माझी मावशी होती. पेशंट नंबर ६५,५४८.

तिला धाप लागली. तिनं बटण दाबलं.

बोर्डावर उजळलं... पेशंट नंबर १२. खोली वीस.

नर्स धावली. खोली वीस म्हणजे आता नुसतं गोदाम. मोडक्या खाटा, चादरींचे गठ्ठे.

आत... कोणीच नव्हतं.

ती वळणार, तेवढ्यात गठ्ठ्यांमागून एका बाईचा दमलेला आवाज आला...

"इथे नाही गं. सहामध्ये जा. पळ!"

नर्स पळाली. मावशी निळी पडली होती. ऑक्सिजन लावला, म्हणून वाचली.

मी जुनी नोंद काढली. पेशंट नंबर बारा, खोली वीस, एक म्हातारी. हॉस्पिटल सुरू झालं त्या वर्षीची. शेवटच्या दिवशी तिनं सतरा वेळा बेल दाबली होती.

कोणीही गेलं नव्हतं.

महागुरूंना सांगितलं. "योगायोग रे! नर्सला भास झाला असेल," म्हणत त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं. बेल कुणाची आहे ते मेलेल्या बाईला कळलं. कोड समोर उघडा असून या माणसाला कळलं नाही. किळस आली मला.

त्यांना न विचारता मी सगळ्या फाईलींत नंबर बत्तीस बिटांचाच केला. चार-चारदा तपासलं. आता ६५,५४८ हा ६५,५४८ च दिसतो.

आज पुन्हा मंगळवार. सव्वातीनला नर्सचा फोन आला.

"सर, बोर्डावर परत बारा नंबर आलाय..."

"मजल्यावर पेशंट किती आहेत?"

"एकही नाही. रंगकाम काढलंय ना, सगळ्यांना खाली हलवलंय."

मी कोड पुन्हा उघडून पाहिला. चूक नाही. म्हणजे या वेळी बेल तिचीच होती.

"कोणी गेलं का बघायला?"



"मला भीती वाटते, सर. तुम्ही येता?"

महागुरूंना नावं ठेवणारा मी... "काम आहे," म्हणालो आणि फोन ठेवला.

आता पावणेपाच झालेत. फोन पुन्हा वाजतोय...

मी अजून उचललेला नाही.