निळ्या बुडाचे डबे

"अगं, अजून तुझा डबा तिथंच?" गिदोन लांबूनच ओरडला.

राहीने नुसतं रांगेकडे बोट दाखवलं. मिरजगावच्या गिरणीपुढे तिचा डबा वीतभरही सरकला नव्हता. बहात्तरच्या दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात वीज यायची ती फक्त सकाळी, आणि तिच्या आईला, कडूबाईला, खडी फोडायच्या कामावर नेणारा ट्रकही सकाळीच सुटायचा. वेळेत दळण झालं तर भाकरी! नाहीतर आई दिवसभर उपाशीपोटी हातोडा चालवणार. काल तसंच झालं होतं.

"पण आज तर एकही पोतं नाही!" गिदोनची बहीण दया म्हणाली.

परवापर्यंत हॉटेलवाल्या पुंजारामशेठची पोती गिरणी अडवून बसत. मग गिदोन-दयाचा चुलतभाऊ एलियादादा मुंबईहून सुट्टीला आला. तो कॉम्प्युटरवर काम करायचा. "आमच्याकडंही हीच रड!" त्याने गिरणीवाल्या भिमाजीकाकांना सांगितलं होतं. "एखाद्याचं लांबलचक गणित यंत्रात शिरलं, की दोन ओळींचं काम घेऊन आलेला दिवसभर ताटकळतो. म्हणून परदेशात आता चटकन संपणारं काम आधी सोडतात. मोठं गणित मधल्या रिकाम्या वेळात, थोडं थोडं."

काकांना पटलं. डबे आधी, पोती मागून!

तरीही रांग जागच्या जागी!

"तो पुढचा सुतळी बांधलेला डबा मघाशी दळून गेला की!" राही एकदम म्हणाली.

"तसले डबे गावात ढिगानं असतील!" गिदोन म्हणाला.

"तसलाच पोचा? तिथंच?"

दया घरी पळाली आणि कपड्यांना घालायची नीळ घेऊन आली. गिदोन गिरणीच्या दाराशी उभा राहून दळलेले डबे लोकांच्या डोक्यावर चढवू लागला. प्रत्येक बुडाला निळं बोट!

"लई गुणाचं लेकरू!" डबा डोक्यावर घेत शेठच्या हॉटेलातला गडी म्हणाला.

थोड्याच वेळात निळ्या बुडाचे डबे पुन्हा रांगेत हजर! तिघं मुलं ते डबे ठेवून परतणाऱ्या गड्यांच्या मागोमाग हॉटेलच्या परसात डोकावली. पोती उसवून डबे भरणं चाललं होतं. कपाळाला गंध, हातात जपमाळ, असे शेठ मधोमध उभे!

"चला रे, चला! थोडं थोडं न्या. कुनाला वास येता कामा न्हाई!"

त्या दिवशी एकादशी होती. शेठ पाणीसुद्धा देवाला दाखवून पीत. ही चोरी तेवढी त्याला दिसणार नाही, अशी त्यांची खात्री असावी! राहीला राग नाही आला. दुधात पडलेली माशी बघून येते तशी शिसारी आली.

वाटेत भेटलेला एलियादादा हे ऐकून पोट धरून हसला. "लबाड प्रोग्रामही हेच करतो! मी किरकोळ, मी किरकोळ म्हणत परत परत पुढं घुसतो!"

"मग यंत्र काय करतं?" राहीने विचारलं.

"ज्यानं यंत्राचा वेळ आधी खाल्ला, त्याला मागं ढकलतं. जेवढा खाल्ला, तेवढं मागं!"

राही धावत गिरणीच्या पायरीवर चढली. "काका, डबे उचलून बुडं बघा! निळं बूड म्हंजे एकदा दळून झालंय. त्यास्नी मागं लावा!"

निळं, निळं, पुन्हा निळं! भिमाजीकाकांचं तोंड उघडंच राहिलं. सगळं त्यांच्याच दारात चाललं होतं, पण मान वर करून बघायची तसदी घ्यायला नको का?

शेठ धापा टाकत आले. "पोरखेळ लावलाय का? माझं गिऱ्हाईक खोळंबलंय! लई घाई हाय!"

लेकीला शोधत आलेली कडूबाई रांगेजवळ उभी होती. ती हळूच म्हणाली, "शेठ, आज एकादस. तुमाला उपास हाय ना? आमाला न्हाई. आमाला जेवायचंय."

सगळी रांग खो खो हसली!

निळे डबे मागे गेले, राहीचा डबा पुढे आला. "शाबास गं, वाघीण! शाबास पोरांनो!" काका म्हणाले. शेठनेही चटकन सूर बदलला. "आपल्या गावची पोरं म्हंजे लई हुशार!" म्हणत त्यांनी राहीच्या डोक्यावर हात ठेवला. राहीने डोकं बाजूला घेतलं आणि त्यावर गरम पिठाचा डबा ठेवला.

ट्रक सुटला तेव्हा आईच्या फडक्यात वाफाळती भाकरी होती. जरा वेळाने वीज गेली, गिरणीचा पट्टा थांबला. निळ्या बुडाचे डबे उन्हात तसेच उभे होते, आणि शेठ त्यांच्याशेजारी माळ ओढत होते.