आधी मामाला झोका!

"प्रेम, खरं सांग, झोक्यावर कोण बसलं होतं?"

"मी न्हाई!"

"मग झालर जमिनीला कशी टेकली?"

"मला काय माहीत? झालरीला विचार!"

लुंबिनी कमरेवर हात ठेवून धाकट्या भावाकडं बघत होती. ती यंदा नववीत गेली होती, त्यामुळे बाकीच्यांनी आपलं ऐकायला हवं, असं तिचं प्रामाणिक मत होतं. बाकीचे म्हणजे नऊ वर्षांचा प्रेम आणि मामाचा मुलगा सुगत. सुगत सातवीतला, मळ्यातच वाढलेला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लुंबिनी आणि प्रेम नांदेडहून अर्धापूरजवळ मामाच्या मळ्यात आली होती, आणि यंदा तिघांवर मोठं काम पडलं होतं. शनिवारी बुद्धप्रिया मावशीचं डोहाळजेवण होतं. नांदेडच्या डेकोरेशनवाल्यानं आकडा सांगितला, तेव्हा आजीनं फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडं नीट पाहिलं होतं. शेवटी मावशीच म्हणाली, "ते पैसे दवाखान्याला राहू द्या. सजावट माझी पोरं करतील."

पोरांनी मग घर उपसलं. ट्रंकेतल्या जुन्या साड्यांचा पडदा झाला. यंदाच्या लग्नसराईत आलेल्या छप्पन्न लग्नपत्रिका कापून फुलं, चांदण्या आणि एक भलाथोरला चंद्र झाला. केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीच्या दोऱ्यांत फुलं ओवून झोक्याला झालर लावली, जमिनीपासून बरोबर चार बोटं वर. आणि बुधवारी सकाळी पाहतात तो झालर मातीत लोळतेय!

"तूच चुकीचं मोजलं असशील," सुगत म्हणाला.

"मी? पट्टीनं मोजलंय मी!"

झालर पुन्हा कापली, पुन्हा चार बोटं वर घेतली. गुरुवारी सकाळी ती पुन्हा टेकली होती. पण या वेळी लुंबिनीनं आरडाओरडा केला नाही. ती खाली बसून नुसती बघत राहिली.

"सुगत, डावीकडूनच टेकलीय. उजवीकडं अजून तीन बोटं जागा हाय."

प्रेमनं खिशातून गोटी काढली आणि झोक्याच्या फळीवर मधोमध ठेवली. गोटी डावीकडं निघाली आणि टप्पकन खाली पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा डावीकडंच!

"डावा खांब खाली जाऊन राहिलाय!" सुगत ओरडला.

हा झोका व्यंकटीमामानं उभारला होता. बोअरचे दोन जुने लोखंडी पाईप अंगणात पुरले, वर आडवा पाईप बांधला, आणि येईल त्याला सांगायला सुरुवात केली, "हत्ती बसला तरी हलणार न्हाई!" मामा मनानं सोन्यासारखा, पण त्याच्या कामाला 'चलता है' नावाचा जुना रोग होता.

सुगतनं खुरपं आणलं. वरची माती उन्हानं तापलेली, कोरडी ठक्क. वीतभर खाली मात्र नुसता चिखल! आणखी उकरलं तर केळीला पाणी नेणारा पाईप लागला. त्याला चीर पडली होती आणि चिरेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती.

"पप्पांनी खड्डा खणताना पाईप फोडला," सुगत हळूच म्हणाला, "आन् कुणाला न सांगता बुजवून टाकला."

"पण आत्ता तर थेंबभर पाणी येत न्हाई," प्रेम म्हणाला.

"आत्ता लाईट कुठंय? या हप्त्यात शेताची लाईट रात्रीची हाय. मोटारीला ऑटो लावलाय. लाईट आली की मोटार आपोआप चालू, आन् आपण सगळे झोपेत!"

तिघंही मामाकडं पळाले. मामानं येऊन पट्टीवरून बोट फिरवलं आणि ते तिघांच्या नाकापुढं धरलं.

"बघा, कोरडं ठणठणीत! शाळा सुटली की पोरांचं डोकंबी सुटतंय!"

"पप्पा, पाणी रात्री येतंय!"

"मग मी काय रात्री झोका खेळायला येऊ? चला, व्हा बाजूला!" मामानं खांबाला दोन हिसके दिले, बुडाशी चार दगड ठोकले, माती ओढली. "झालं! हत्ती बसला तरी..."

आजीकडं जावं, तर तिनं सगळ्या घराला दम भरला होता. मावशीपुढं वाईटसाईट बोलायचं नाही, एवढंच नव्हे, घरात तसं बोलायचंच नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी मावशीचं बाळ राहिलं नव्हतं. तेव्हापासून ती पहिल्यांदाच खुशीत होती आणि रोज विचारत होती, "झोका झाला का गं?" लुंबिनीला त्या प्रश्नाची आता भीती वाटत होती.

"मावशी त्या झोक्यावर बसणार न्हाई," ती म्हणाली. "काय वाट्टेल ते होवो!"

शुक्रवारी तिघं घरामागच्या कडुलिंबाखाली दिवसभर घाम गाळत होते. सुगतनं जाड फांदीला दोर बांधून दुसरा झोका टांगला. फळीवर रिकामी पोती बांधली आणि तिघं त्यांत टोपल्याटोपल्यानं माती भरत राहिले, दोन मावश्यांचं वजन होईपर्यंत. फांदी हलली नाही. मोठ्यांना वाटलं, पोरं मातीत खेळून राहिलीत.

शनिवारी अंगण भरलं. बुद्धवंदना झाली, ओटी भरली. हिरव्या साडीतली मावशी सोपटाच्या दोऱ्यातले कागदी दागिने घालून उठली आणि झोक्याकडं निघाली. तेवढ्यात लुंबिनी आडवी आली.

"थांबा! आधी मामाला झोका!"

"काय?" मामा दचकला.

"रीतच हाय तशी! ज्यानं झोका बांधला, त्यानं आधी बसायचं!"

सगळ्यांनी आजीकडं पाहिलं. आजीनं नातीचा चेहरा निरखला. नातीच्या कपाळावर घाम होता, पण नजर खाली गेली नव्हती.

"असली रीत मी तर कधी ऐकली न्हाई," आजी सावकाश म्हणाली. "पण रीत चांगली हाय. व्यंकटी, बस!"

"बसा बसा, व्यंकटीभाऊ!" बायकांनी गलका केला. मामा मिशीवर ताव देत बसला. सुगतनं पाहुण्यांना मागं सारलं, प्रेमनं वाळक्या पाल्याची पोती झोक्यामागं आधीच रचली होती.

"हत्ती बसला तरी हलणार न्..."

करर्र! डावा खांब वाकला, फळी तिरकी झाली आणि मामा गोटीसारखाच डावीकडं निघाला! धप्प! तो अर्धा पोत्यांवर, अर्धा चिखलात! आडवा पाईप सटकून मामाच्या शेजारी दाणकन आदळला.

बायका खो खो हसल्या. मावशी मात्र हसली नाही. पोटावर हात ठेवून ती त्या पाईपकडं बघत उभी राहिली. अंगणातलं हसू आपोआप थांबलं.

मामा उठला. पँटला चिखल, चेहरा उतरलेला.

"पोरांनी सांगितलं होतं मला," तो म्हणाला. "परवाच सांगितलं होतं. मीच ऐकलं न्हाई, प्रिया."

"दादा, लागलं न्हाई ना?" मावशीनं विचारलं. मग तिनं तिन्ही पोरांना जवळ ओढलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आता माझ्या झोक्याचं काय रे?"

"तयार हाय!" प्रेम ओरडला. "लिंबाखाली!"

पाच मिनिटांत झालर सुटली, चंद्र उचलला, साड्यांचा पडदा लिंबाखाली बांधला. दुकानातली सजावट असती तर एवढ्या लवकर हलली नसती!

"पंचायतीच्या इंजिनिअरला जमणार न्हाई असं काम केलंय पोरांनी!" आजी पाहुण्यांना सांगत होती. सुगत मात्र बापाकडं चोरून बघत होता. मामानं त्याच्या पाठीवर थाप मारली. चिखलाचा पंजा सदऱ्यावर उठला. सुगतनं तो पुसला नाही.

मावशी नव्या झोक्याकडं निघाली, तर मामा लगबगीनं पुढं झाला.

"थांब प्रिया!"

"आता काय, दादा?"

"आधी मी," मामा म्हणाला. "रीत हाय आपल्यात!"

तो बसला, तीन झोके घेतले. झालर जमिनीपासून चार बोटं वरच राहिली. मग त्यानं उठून फळी स्वतःच्या रुमालानं पुसली आणि बहिणीला हात धरून बसवलं.