येसेनियाचं अनुदान आणि तीन नंबरची खिडकी

त्या दिवशी कॉलेजच्या अनुदान कचेरीत रांग एवढी लांब होती, की उभ्या उभ्या माझ्या पुढच्या पोराला दाढी फुटली. खोटं वाटत असेल तर माझ्या नातीला विचारा, येसेनियाला. शेजारीच होती ती. पण तिचं दाढीकडे लक्ष कुठलं... ती बघत होती तीन नंबरच्या खिडकीकडे.

खिडकीत आन्सेल्मो. त्याच कॉलेजात शिकायचा, दुपारी चार तास इथे काम करायचा. पापण्या अशा, की मिटल्या की वारा यायचा.

येसेनियानं पत्र पुढे सरकवलं. "पुढच्या वर्षी राज्याचं अनुदान नाही म्हणतात. म्हणजे माझं कॉलेजही नाही."

"वडिलांची कमाई मर्यादेच्या वर गेलीय."

"टोमॅटोच्या कारखान्यात आहेत ते. पलीकडचा कारखाना बंद पडला, सगळा माल इकडे आला. एक उन्हाळा पप्पांनी ओव्हरटाइम केला. एकच. तेवढ्यात आम्ही श्रीमंत?"

"कागदावर."

"त्यांची कमाई धरायचीच नाही, अशी काही सोय?"

"आहे की. चोवीस वर्षांची हो. नाहीतर सैन्यात जा. नाहीतर..." तो अडखळला. "लग्न कर."

"सगळ्यात लवकर काय होतं?"

"सैन्याला परीक्षा असते."

"मग गुरुवारी मोकळा आहेस?"

त्याच्या हातातला शिक्का त्याच्याच मनगटावर उमटला, तारखेसकट. मी तोंडाला रुमाल लावला.

"अनुदानासाठी नाही करणार मी लग्न," तो हळूच म्हणाला, कानापर्यंत लाल. "तू अपील कर. ओव्हरटाइम संपलाय असं कारखान्याचं पत्र आण. आणि वडिलांचं निवेदन."

माझा लेक रेफुहियो, येसेनियाचा बाप, भारी मानी. "मी कमी कमावतो, हे सहीनिशी लिहून देऊ?" म्हणून ताटातला अर्धा तमाले, आमचा मक्याच्या पिठाचा वाफवलेला खाऊ, टाकून उठला. मग निवेदन मीच सांगितलं, येसेनियानं लिहून घेतलं: टोमॅटो कलिंगडाएवढे होते, आणि माझ्या लेकानं एकट्यानं अर्धी अमेरिका सॉसात बुडवली.

आन्सेल्मोनं ते शांतपणे वाचलं. "आजी, कलिंगड काढू या."

"मग खरबूज ठेव."

"आजी, टोमॅटोच ठेवू."

माझा कागद येसेनियानं परत घरी आणला, तो रेफुहियोच्या हाती लागला. तो इतका घाबरला, की दोन खऱ्या ओळी त्यानं स्वतःच्या हातानं लिहिल्या आणि सही केली.

अपिलाला कागद लागत होते पाच. येसेनियानं दिवसाला एकच नेला.

"आज काय आणलंस?"

"गुणपत्रक."

"ते काल दिलंस."

"काल तू बघितलंस कुठे? माझ्याकडेच बघत होतास."

"तू बघत नव्हतीस, तर तुला कसं कळलं?"

सहाव्या दिवशी मात्र त्यानं मान वर केली नाही. "तुझी फाइल आता मिसेस हॉगनकडे. मी सोडली."

मिसेस हॉगन म्हणजे कचेरीतली सगळ्यात कडक बाई. तिनं चष्म्यातून बघितलं की निवडुंग सुकायचे. येसेनियाचा चेहरा उतरला.

"माझं काय चुकलं?"

"नियम आहे. जवळच्या माणसाची फाइल हाताळायची नाही. तसं लिहून द्यावं लागतं."

"जवळच्या...? काय लिहिलंस तू?"

त्यानं कागद फिरवला. नात्याच्या रकान्यात तीन चौकोन होते: नातेवाईक, मित्र, जोडीदार. तिन्ही कोरे. खाली त्याच्या बारीक अक्षरात एक ओळ – 'अजून तिला विचारलेलं नाही.'

येसेनियानं ती ओळ दोनदा वाचली. मी तिच्या खांद्यावरून तीनदा.

तेवढ्यात मागून मिसेस हॉगन आली, बगलेत फाइल. "अपील मंजूर. दर सत्राला बारा क्रेडिटचे विषय, मार्क घसरता कामा नयेत, आणि दरवर्षी अर्ज वेळेत. एक विषय जरी सोडलास तर मी घरी येईन." मग आन्सेल्मोकडे वळली. "आणि तू विचार लवकर. रांग खोळंबलीय."

चारशे माणसांची रांग कान टवकारून पुढे झुकली.

"मी..." त्यानं घसा साफ केला. "मी चालेन का तुला?"

येसेनियानं खिडकीतून हात घालून त्याच्या बोटांतलं पेन काढून घेतलं, आणि 'जोडीदार'पुढच्या चौकोनात अशी खूण केली, की कागद फाटून टेबलावर उमटली.